फॅब्रिकेशन शॉप आणि लहान कारखान्यांतील किरणोत्सारी साधने: ओळख, वापर आणि विल्हेवाट

किरणोत्सारी पदार्थ म्हणजे तारापूर किंवा तुर्भे येथील शास्त्रज्ञांचे काम, आपल्या शेडमध्ये त्याचा काय संबंध, अशी समजूत लहान कारखानदारांमध्ये सर्रास आढळते. प्रत्यक्षात आर्गन वेल्डिंगच्या टेबलावर पडलेले लाल टोकाचे टंगस्टन, ऑफिसच्या छताला लावलेला धूरसूचक, बॉयलरच्या जोडांची तपासणी करायला रात्री येणारी एजन्सी, सायलोवर बसवलेला पातळी मोजणारा गेज आणि फाटकातून आत येणारा भंगाराचा ट्रक, या पाचही ठिकाणी किरणोत्सारी पदार्थ असू शकतो. त्याला घाबरून उपयोग नाही आणि त्याच्याकडे दुर्लक्ष करूनही भागत नाही. ज्या स्रोताची, म्हणजे किरण सोडणाऱ्या पदार्थाच्या तुकड्याची किंवा कॅप्सूलची, नोंद आहे, ज्याला कुलूप आहे आणि ज्याची जबाबदारी ठरावीक माणसावर आहे, तो स्रोत वर्षानुवर्षे निमूटपणे काम करतो. मोठे अपघात बहुतेक तेव्हा झाले, जेव्हा तो कुठे आहे हे कोणाच्याच लक्षात राहिले नाही. पुढील सूचना याच दृष्टीने, मालक, सुपरवायझर आणि भंगार व्यावसायिक यांच्यासाठी लिहिल्या आहेत.

आधी समजून घ्यायच्या गोष्टी

किरण अंगावर पडणे आणि किरणोत्सारी पदार्थ अंगाला लागणे या दोन वेगळ्या घटना आहेत. उन्हात बसलेला माणूस घरात आला की ऊन त्याच्याबरोबर येत नाही. रंगपंचमीचा रंग मात्र त्याच्याबरोबर घरभर फिरतो. बंद कॅप्सूलमधील स्रोताचे किरण अंगावर पडले तर त्या माणसापासून इतरांना धोका नसतो. कॅप्सूल फुटून त्यातील पावडर हाताला, कपड्यांना किंवा श्वासात गेली, तर तो माणूस जिथे जाईल तिथे ती जाते. म्हणून कोणताही स्रोत उघडायचा नाही, कापायचा नाही, तापवायचा नाही आणि घासायचा नाही.

स्रोताची ताकद क्युरी किंवा बेकरेल या एककांत लिहिलेली असते, तर माणसाला मिळणारी मात्रा मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. भारतात सर्वसामान्य माणसासाठी वर्षाला १ मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे. किरणोत्सर्गाशी संबंधित काम करणाऱ्या प्रशिक्षित कामगारासाठी ती पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट असून कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर जाऊ द्यायची नसते. आपल्या वेल्डरला, फिटरला आणि वॉचमनला पहिली मर्यादा लागू होते, दुसरी नव्हे.

तिसरी बाब अर्धायुष्याची. इरिडियम-१९२ ची ताकद सुमारे ७४ दिवसांत निम्मी होते, कोबाल्ट-६० ची सव्वापाच वर्षांत, सीझियम-१३७ ची ३० वर्षांत आणि अमेरिशियम-२४१ ची ४३२ वर्षांत. यंत्र गंजून जाईल, कारखाना विकला जाईल, पण सीझियमचा स्रोत तोवर जिवंतच असेल, हे गेज बसवणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे.

कशाची काळजी करावी, कशाची नाही

एक्स-रे यंत्र आणि सामान तपासणारा स्कॅनर वीज बंद केली की पूर्ण निरुपद्रवी असतात, कारण त्यांत किरणोत्सारी पदार्थच नसतो. गाड्यांवर आणि पाट्यांवर लावतात त्या चमकणाऱ्या ‘रेडियम’ पट्ट्यांमध्ये रेडियम नसते; त्या केवळ प्रकाश परावर्तित करतात. जुन्या काळातील घड्याळांच्या आणि यंत्रांवरील मीटरच्या तबकड्यांत मात्र खरोखरचे रेडियम वापरलेले असे. अशी तबकडी आज अंधारात चमकत नसली तरी तिच्यातील रेडियम संपलेले नसते. चमक देणारे झिंक सल्फाइड निकामी झालेले असते आणि रेडियमचे अर्धायुष्य १६०० वर्षांचे आहे. काच काढून तबकडी खरवडणे हा त्यातला मुख्य धोका आहे, तो टाळावा.

पेट्रोमॅक्सच्या मँटलमध्ये पूर्वीपासून थोरियम वापरले जात आले आहे. मँटल बदलताना जुनी राख फुंकू नये, ओल्या कापडाने उचलावी आणि हात धुवावेत, एवढे पुरेसे आहे. धूरसूचकांपैकी आयनीकरण प्रकारच्या उपकरणात अमेरिशियम-२४१ असते, साधारण एक मायक्रोक्युरी किंवा त्याहून कमी. छताला लावलेला असताना त्याचा काहीही त्रास नाही. ऑफिसचे नूतनीकरण करताना मात्र जुने धूरसूचक मोजून उतरवावेत, मागील लेबलवर किरणोत्सर्गाचे चिन्ह आहे का ते पाहावे, असल्यास न उघडता पुरवठादाराकडे परत पाठवावेत आणि आकडा लिहून ठेवावा. नवे घेताना प्रकाशावर चालणारा प्रकार घेतला तर हा प्रश्नच उरत नाही.

लाल टोकाचे टंगस्टन

आर्गन वेल्डिंगच्या इलेक्ट्रोडच्या डब्यावर डब्ल्यूटी-२० असे लिहिलेले असते आणि प्रत्येक काडीचे एक टोक लाल रंगवलेले असते. त्यात सुमारे दोन टक्के थोरियम ऑक्साइड असते. आर्क पटकन लागतो, टोक जास्त वेळ टिकते, म्हणून वेल्डरांना ती काडी आवडते. काडी खिशाला लावून हिंडण्यात किंवा वेल्डिंग करण्यात मिळणारी मात्रा फारच थोडी असते. खरी अडचण टोक काढताना येते. बहुतेक शॉपमध्ये वेल्डर ही काडी बेंच ग्राइंडरच्या त्याच दगडावर धरतो ज्यावर ड्रिल आणि छिन्न्या लागतात. धूळ त्याच्या तोंडासमोर उडते, दगडाच्या खालच्या ट्रेमध्ये साचते आणि संध्याकाळी कोणीतरी ती हवेच्या पाइपने उडवून साफ करते. थोरियममधून निघणारे अल्फा कण कातडीच्या बाहेर थांबतात, पण तीच धूळ फुप्फुसात गेली तर तिथेच राहून वर्षानुवर्षे किरण सोडत राहते.

माझे स्पष्ट मत असे की लहान शॉपने ही काडी बंदच करावी. लँथेनम असलेल्या काड्या, सोनेरी टोकाची डब्ल्यूएल-१५ किंवा निळ्या टोकाची डब्ल्यूएल-२०, स्टेनलेस आणि माइल्ड स्टीलचे तेच काम करतात आणि त्या किरणोत्सारी नसतात. ॲल्युमिनियमसाठी पांढऱ्या टोकाची झिर्कोनियमची काडी आहे. वेल्डरला पहिले काही दिवस करंटची सवय बदलावी लागेल, त्यामुळे तक्रार येईल. तेवढा वेळ द्यावा.

उरलेल्या लाल काड्या संपवायच्याच असतील तर टोक काढण्यासाठी वेगळे डायमंड व्हील ठेवावे, धूळ ओढणारी सोय व्हीलच्या अगदी जवळ असावी आणि काडी व्हीलवर लांबीच्या दिशेने धरावी, म्हणजे टोकही चांगले येते. ग्राइंडिंग करताना मास्क लावावा. कॉम्प्रेसरची हवा मारून सफाई करू नये. ओल्या फडक्याने पुसून ते फडके आणि धूळ झाकणाच्या डब्यात बंद करावी. काड्यांचे तुकडे आणि ही धूळ भंगारात मिसळू नये. विल्हेवाटीबाबत पुरवठादाराला लेखी विचारावे.

रेडिओग्राफीची रात्र

प्रेशर व्हेसल, पाइपलाइन किंवा बॉयलरच्या जोडांचे किरणांनी आरपार फोटो काढण्यासाठी (यालाच रेडिओग्राफी म्हणतात) बाहेरची एजन्सी येते तेव्हा स्रोत त्यांचा असतो, पण जागा आणि माणसे तुमची असतात. हे काम बहुधा रात्री, शिफ्ट सुटल्यावर होते आणि त्या वेळी मालक घरी असतो. ही पद्धत बदलायला हवी.

ज्याला सगळे ‘कॅमेरा’ म्हणतात, त्याचे फोटोच्या कॅमेऱ्याशी नावापुरतेच नाते आहे. तो एक जड डबा असतो, बहुधा आतून निःसत्त्व युरेनियमचे आच्छादन असलेला. आत काही मिलिमीटर आकाराच्या इरिडियमच्या चकत्या एका कॅप्सूलमध्ये बंद असतात आणि ती कॅप्सूल ‘पिगटेल’ नावाच्या लवचीक तारेच्या टोकाला जोडलेली असते. ऑपरेटर दूर उभा राहून क्रँक फिरवतो, ड्राइव्ह केबल पिगटेलला पुढे ढकलते, गाइड ट्यूबमधून कॅप्सूल जोडापाशी पोहोचते, ठरलेला वेळ तिथे थांबते आणि उलटा क्रँक फिरवला की परत डब्यात येते. फार जाड पोलादासाठी इरिडियमऐवजी कोबाल्ट-६० वापरतात. त्याचे किरण अधिक भेदक असल्याने अंतरही मग अधिक ठेवावे लागते.

२० क्युरीचा इरिडियमचा स्रोत उघडा असताना एक मीटरवर ताशी सुमारे १०० मिलिसिव्हर्ट इतका किरणोत्सर्ग असतो. अंतर दहापट केले की तो शंभरपट कमी होतो, म्हणजे दहा मीटरवर ताशी सुमारे १ मिलिसिव्हर्ट आणि शंभर मीटरवर ०.०१. आता हिशेब करावा. एका रात्रीत तीस जोड आणि प्रत्येकी दोन मिनिटे, म्हणजे स्रोत एकूण एक तास उघडा. दहा मीटरवर चहा पीत बसलेल्या वॉचमनला त्या एका रात्रीत पूर्ण वर्षाची मर्यादा मिळून जाते. तोच तीस मीटरवर गेला तर मात्रा एक नवमांशावर येते. ऑपरेटरने कॉलिमेटर, म्हणजे किरण हव्या त्या दिशेलाच सोडणारे जड धातूचे टोपण, लावला असेल तर हे आकडे बरेच खाली येतात, म्हणून कॉलिमेटर आणला आहे का हे काम सुरू होण्याआधीच पाहावे.

पत्र्याच्या भिंतीआड उभे राहिले की सुरक्षित, असे कामगारांना वाटते. इरिडियमचे किरण निम्मे करायला सुमारे १३ मिलिमीटर जाडीचे भरीव पोलाद लागते. शेडचा पत्रा त्या मानाने नसल्यासारखाच. शेजारच्या गाळ्यात रात्रपाळी चालू असेल तर मधल्या पत्र्याच्या भिंतीवर भिस्त ठेवू नये. त्यांना लेखी कळवावे आणि त्या बाजूलाही किरणोत्सर्ग मोजणाऱ्या मीटरने (सर्व्हे मीटरने) मोजून घ्यावे.

एजन्सी फाटकातून आत येण्याआधी तिची कागदपत्रे पाहावीत. अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजेच एईआरबी, ‘ई-लोरा’ या आपल्या ऑनलाइन प्रणालीतून परवाने देते. एजन्सीचा परवाना, स्रोत तुमच्या पत्त्यावर आणण्याची परवानगी, रेडिओग्राफरचे प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याचे नाव आणि सर्व्हे मीटरच्या कॅलिब्रेशनची तारीख, यांपैकी काहीही मागे राहिले असेल तर काम त्या रात्री होऊ देऊ नये. ‘कागद उद्या पाठवतो’ या शब्दावर फाटक उघडणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे. डिस्पॅच एक दिवस लांबला तरी चालेल, पण ही खोड मोडावी. रेडिओग्राफरच्या छातीवर टीएलडी, म्हणजे त्याला मिळालेली मात्रा साठवून ठेवणारा, बॅज असला पाहिजे, पण तो बॅज नंतर प्रयोगशाळेत वाचला जातो; त्या क्षणी इशारा देण्याचे काम फक्त मीटर करतो.

मीटर चालू आहे की नाही हे मालकालाही तपासता येते. काम सुरू होण्याआधी, स्रोत आत कुलूपबंद असताना, रेडिओग्राफरला मीटर कॅमेऱ्याच्या पृष्ठभागाजवळ धरायला सांगावे. आच्छादनातून थोडा किरणोत्सर्ग नेहमीच बाहेर येतो, त्यामुळे काटा वर सरकला पाहिजे. काटा हलला नाही तर मीटर बंद आहे किंवा स्रोत त्या डब्यात नाही. दोन्ही शक्यतांत काम तिथेच थांबते. हलला तर तो आकडा आणि मोजलेली जागा लिहून ठेवावी. प्रत्येक जोडानंतर रेडिओग्राफरने चालू मीटर हातात धरून कॅमेऱ्याकडे यावे, गाइड ट्यूब पूर्ण लांबीभर तपासावी आणि शेवटी त्याच जागी पुन्हा आकडा पाहावा. आकडा पूर्वीपेक्षा जास्त असेल तर स्रोत पूर्ण आत आलेला नाही. कमी असेल तर तो कदाचित डब्यात नाहीच, ट्यूबमध्ये किंवा जमिनीवर आहे. कमी आकडा पाहून हायसे वाटणे हीच इथली सर्वांत घातक चूक आहे.

१९९९ च्या फेब्रुवारीत पेरूमधील यानांगो येथील जलविद्युत प्रकल्पावर एका वेल्डरला इरिडियमची अशीच सुटलेली कॅप्सूल सापडली. ती काय आहे हे माहीत नसल्याने त्याने ती पँटच्या खिशात टाकली आणि घरी नेली. त्याचा पाय कापावा लागला. कॅप्सूल एक मीटरवरून एका सेंटिमीटरवर आणली की किरणोत्सर्ग दहा हजारपट होतो, हे लक्षात घेतले तर असे का झाले ते कळते. म्हणून आपल्या प्रत्येक कामगाराला पिगटेलचे चित्र दाखवावे आणि जमिनीवर पडलेली चकचकीत, अनोळखी धातूची वस्तू उचलायची नाही हे सांगून ठेवावे.

दोरी बांधून, चिन्हाच्या पाट्या आणि लाल दिवे लावून झाले की आतल्या माणसांची डोकी मोजावीत; संडासात, मेझानाइनवर किंवा ट्रकच्या केबिनमध्ये झोपलेला माणूस हमखास सुटतो. पहाटे एजन्सी परत जाताना कॅमेऱ्याचा क्रमांक, शेवटचा आकडा आणि वेळ गेटपासवर लिहून रेडिओग्राफरची सही घ्यावी.

टाकीवरचा गेज

सिमेंट, पोलाद, कागद, प्लास्टिक फिल्म आणि रसायने बनवणाऱ्या कारखान्यांत पातळी, घनता किंवा जाडी मोजण्यासाठी किरणोत्सारी गेज वापरतात. टाकीच्या एका बाजूला सीझियम किंवा कोबाल्टचा स्रोत आणि समोरच्या बाजूला किरण टिपणारा शोधक असतो. मधला माल जसा चढतो तसे किरण कमी पोहोचतात. पातळ कागद आणि फिल्मसाठी क्रिप्टॉन-८५ सारखे सौम्य स्रोत असतात. टाकीच्या आत माणूस उतरवण्याआधी गेजचे शटर, म्हणजे स्रोताचे किरण अडवणारी झडप, बंद करून कुलूप घालावे, किल्ली आत उतरणाऱ्यांच्या प्रमुखाकडे द्यावी आणि शटर खरोखर बंद झाले आहे हे मीटरने पाहावे. गंजलेल्या शटरची दांडी ‘बंद’ खुणेवर दिसली तरी आतली चकती अडकलेली असू शकते.

गेज जागेवर आहे का हे दर महिन्याला डोळ्यांनी पाहून नोंदवावे. २०२३ च्या जानेवारीत पश्चिम ऑस्ट्रेलियात खाणीतील घनता-गेजमधून सीझियमची ८ मिलिमीटर लांबीची कॅप्सूल वाहतुकीत हादऱ्यांनी निसटली आणि सुमारे १,४०० किलोमीटरच्या रस्त्यावर तिचा शोध घ्यावा लागला. ती सापडली, कारण काय हरवले आणि ते कुठल्या मार्गाने गेले याची नोंद होती.

कारखाना विकताना, भाड्याने देताना किंवा बँकेच्या जप्तीत जाताना गेजची यादी करारात स्वतंत्र जोडावी. गेज काढायचा असेल तर एईआरबीची परवानगी घेऊन तो मूळ पुरवठादाराकडे किंवा अधिकृत केंद्राकडे पाठवावा लागतो. तो खर्च खरेदीच्या वेळीच करारात पुरवठादारावर ठरवून घेतलेला बरा, कारण वीस वर्षांनी पुरवठादार शोधत बसावे लागते.

भंगार घेताना आणि देताना

दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात वर्षानुवर्षे वापराविना पडून असलेले गॅमा किरणांचे उपकरण २०१० मध्ये लिलावात भंगार म्हणून विकले गेले आणि मायापुरीच्या भंगार बाजारात ते तोडताना कोबाल्ट-६० च्या कांड्या बाहेर आल्या. एका माणसाचा मृत्यू झाला, अनेकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्याआधी १९८७ मध्ये ब्राझीलमधील गोइयानिया शहरात, सोडून दिलेल्या दवाखान्यातील कर्करोगाच्या यंत्राचा सीझियमचा स्रोत भंगारवाल्यांनी फोडला. अंधारात निळसर चमकणारी पावडर लोकांनी कुतूहलाने घरी नेली आणि चार जण दगावले. दोन्ही ठिकाणी तोडणाऱ्यांना शिशाचे पैसे दिसत होते.

शिशाचे किंवा पोलादाचे, आकाराच्या मानाने फारच जड असे गोल किंवा दंडगोल डबे, त्यांवर कुलूप, पिवळा रंग, तीन पाकळ्यांच्या चिन्हाचे पुसट अवशेष, धातूच्या पट्टीवर इंग्रजी अक्षरांत सीओ-६०, सीएस-१३७, आयआर-१९२ किंवा एएम-२४१ अशी खूण दिसली की गॅस कटर बाजूला ठेवावा. तीन पाकळ्यांचा अर्थ सर्वांना कळत नाही, म्हणून २००७ मध्ये आणखी एक चिन्ह आणले गेले: लाल त्रिकोणात किरण, कवटी आणि पळणारा माणूस. ते स्रोताच्या अगदी जवळ, उपकरण उघडल्यावर दिसेल असे लावतात. तेव्हा ते दिसले याचा अर्थ तुम्ही जायला नको तिथवर पोहोचला आहात.

भट्टीवाल्यांनी वजनकाट्यापाशी मीटर ठेवलाच पाहिजे. रिकाम्या जागेवर साधारण ताशी ०.१ मायक्रोसिव्हर्टच्या आसपास आकडा दिसतो. ट्रकच्या कडेने हळूहळू चालताना तो दुप्पट-तिप्पट झाला तर ट्रक उतरवू नये. स्रोत वितळला तर कोबाल्ट पोलादात मिसळते आणि सीझियम भट्टीच्या धुळीत जाते. २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० आढळले. ती बटणे भारतातून गेलेल्या पोलादी सुट्या भागांपासून तयार झाली होती. असा माल परत येतो, शिवाय भट्टी, धूळ आणि स्लॅग साफ करण्याचा खर्च लहान फाउंड्रीला झेपणारा नसतो. मीटरची किंमत त्यापुढे काहीच नाही.

संशयास्पद वस्तू सापडली तर

वस्तू हलवू नये, झाकायला जाऊ नये, फोटोसाठी जवळ जाऊ नये. सर्वांना चहूबाजूंनी निदान ३० मीटर दूर न्यावे, ११२ वर पोलिसांना आणि त्याचबरोबर एईआरबीला कळवावे. हे मंडळ मुंबईत अणुशक्तीनगर येथे आहे आणि त्याचा संपर्क आपल्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर आधीच लिहिलेला असावा. ज्यांनी वस्तू हाताळली त्यांना घरी जाऊ देऊ नये. त्यांची नावे लिहावीत, त्यांना बाजूला बसवावे, तपासणी होईपर्यंत खाणे, पिणे, तंबाखू आणि विडी बंद ठेवावी, वरचे कपडे काढून पिशवीत बांधावेत आणि हात-तोंड साबणाने धुवायला द्यावे.

भाजल्यासारखी लाली किंवा फोड अनेकदा त्याच दिवशी दिसत नाहीत, काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी येतात, आणि डॉक्टर त्यांना रसायनाने किंवा वेल्डिंगने भाजल्याचे समजून मलम देतात. पुढील काही आठवड्यांत हात काळवंडला, केस गळले किंवा त्या दिवशी काही तासांतच उलट्या झाल्या असतील, तर डॉक्टरांना वस्तूचे वर्णन, ती हातात किती वेळ होती आणि शरीराच्या कुठल्या भागाजवळ होती हे लेखी द्यावे. रक्तातील पेशींची तपासणी मात्र लक्षणांची वाट न पाहता वस्तू हाताळली त्याच दिवसापासून सुरू करायला सांगावी, कारण लिम्फोसाइट पेशी किती वेगाने घटतात यावरून मात्रेचा अंदाज लावता येतो आणि त्यासाठी पहिल्या एक-दोन दिवसांतले नमुने लागतात.